बिनीवरची ठुमरी

जुईनगरला आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सात-आठ माणसं कुणा एकाच्या घरी जमतात आणि एक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. मध्ये बोलायचं नाही आणि चहा नंतर, एवढे दोनच नियम. अशाच एका शनिवारी आमच्यातल्या एका तरुणाने ‘उस्फ्रेट’ लावली. बाईचा आवाज उमटला, खाली विजेच्या गिटारचा खर्ज घुमला, ड्रम सुरू झाले आणि थोड्याच वेळात दारावरची बेल वाजली. आवाज कमी करा म्हणून सांगायला कुणी आलं असेल, या समजुतीने आम्ही दार उघडलं. दारात शेजारच्या आजी उभ्या होत्या. म्हणाल्या, “हा आवाज शोभा गुर्टूंचा ना? पण मागे हे काय चाललंय?”

त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. शेवटपर्यंत बसल्या. चहा झाल्यावर उठता उठता एवढंच बोलल्या, “बाकीचे कुठून कुठून आलेत कोण जाणे, पण बाई आपल्या जागी बसल्यात हो.”

आमच्या मंडळातल्या मित्रमैत्रिणींनी पुढचे काही महिने ही एकच तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून जी टिपणं केली, त्यांची ही पुस्तिका. तिला प्रस्तावना लिहायचं काम वयाचा मान म्हणून माझ्याकडे आलं. संगीताचा मी अभ्यासक नव्हे, ऐकणारा आहे. म्हणून आजींचा प्रश्न आणि आजींचं उत्तर या दोन टोकांच्या मधलं अंतर चालून दाखवायचं, इतकंच मनाशी ठरवलं आहे.

ही तबकडी 1988 सालची. सीएमपी या छोट्या जर्मन कंपनीने ती काढली. कर्ता त्रिलोक गुर्टू: तबला, ड्रम, तऱ्हेतऱ्हेची घनवाद्यं आणि तोंडाने म्हटलेले बोल, सगळं त्याचं. स्वतःच्या नावावरची ही त्याची पहिली तबकडी. तिच्यावर गायला त्याने आपल्या आईला, शोभा गुर्टूंना, बसवलं. व्हायोलिनला एल. शंकर, गिटारला अमेरिकेचा राल्फ टाउनर, बेसला स्वीडनचा योनास हेलबोर्ग, पियानोला फ्रान्सचा डॅनियल गोयोन आणि ट्रम्पेटला डॉन चेरी. मुक्त जॅझच्या जन्माच्या वेळी खोलीत हजर असलेल्या मोजक्या माणसांपैकी चेरी एक. या यादीत शोभाताईंचं नाव वाचून मराठी रसिक थबकतो, आणि चेरीचं नाव वाचून जॅझवाला थबकतो. एकाच तबकडीपाशी दोघं थबकावेत आणि एकमेकांना न भेटता परत जावेत, हे गेली कित्येक वर्षं चाललं आहे.

परदेशात अशा संगीताला ‘अवांगार्द’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द लघुनियतकालिकांच्या काळात साहित्यातून आला आणि जरा परकाच राहिला. मुळात तो फ्रेंच सैन्यातला शब्द. अर्थ, आघाडीवर चालणारी तुकडी. तिला आपल्याकडे नाव होतं: बिनी. मराठ्यांच्या फौजेत बिनीवर चालण्याचा मान इतका मोठा की विसाजी कृष्णांचं आडनावच बिनीवाले झालं. ‘बिनीचे शिलेदार’ आपण आजही म्हणतो. हा शब्द मला जास्त जवळचा वाटतो, कारण त्यात एक अट आहे. बिनी पुढे असते, पण मागे फौज असते. वाट काढायची ती मागच्यांना येता यावं म्हणून. मागचा धागा तुटला तर ती बिनी उरत नाही, वाट चुकलेली चार माणसं उरतात. ‘उस्फ्रेट’ला मी बिनीची तबकडी म्हणतो ते या अर्थाने, आणि तिच्या मागची फौज म्हणजे एक घर आहे.

त्या घराची गोष्ट त्रिलोकच्या आजीपासून सुरू होते. मेनकाबाई शिरोडकर नर्तकी होत्या आणि गाण्यात अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची मुलगी भानुमती 8 फेब्रुवारी 1925 रोजी बेळगावात जन्मली. पहिली तालीम आईकडेच. मग कोल्हापुरात अल्लादिया खाँचे धाकटे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे, पुढे नत्थन खाँकडे. म्हणजे पाया जयपूर-अत्रौलीच्या ख्यालाचा, एकेका आवर्तनाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या गाण्याचा. ठुमरी-दादरा आला तो घम्मन खाँसाहेबांमुळे. ते मुंबईत मेनकाबाईंना शिकवायला या घरी राहायला आले होते. आईचं शिकणं मुलीच्या कानावर पडलं. बेळगावातच काश्मिरी पंडितांच्या गुर्टू घराण्यात भानुमतीचं लग्न झालं. सासरे नारायणनाथ गुर्टू पोलीस खात्यातले मोठे अधिकारी, विद्वान, आणि सतार वाजवणारे. भानुमती शिरोडकरच्या शोभा गुर्टू झाल्या.

आजी नर्तकी आणि गायिका, आई ठुमरीची सम्राज्ञी, आजोबांच्या हाती सतार. या घरात 30 ऑक्टोबर 1951 रोजी मुंबईत त्रिलोक जन्मला. सीमा ओलांडण्याचं शिक्षण त्याला युरोपात जाऊन घ्यावं लागलं नाही. कोकणी-मराठी वळणाचं माहेर, काश्मिरी सासर, हिंदुस्थानी ख्याल आणि त्यावर पूरब अंगाची ठुमरी, एवढ्या सीमा आईनेच ओलांडल्या होत्या, तेही एका जागी बसून.

तबला तो शाह अब्दुल करीम यांच्याकडे शिकला. पण खरी शाळा आईच्या साथीला बसण्याची असावी, असं मला त्याचं वाजवणं ऐकताना वाटत राहतं. ठुमरीची साथ ही वेगळीच गोष्ट आहे. ख्यालात तबलजी ठेका धरतो आणि गायक त्यावर इमारत बांधतो. ठुमरीत गायिका एकच ओळ घेते आणि शब्दाला निरनिराळे अर्थ देत राहते: आर्जव, रुसवा, थट्टा, कळवळा. याला बोलबनाव म्हणतात. तेवढा वेळ तबलजीने दीपचंदीच्या चौदा मात्रा, तीन-चार-तीन-चार अशा, पायरव न करता चालत ठेवायच्या. आणि मग शेवटाकडे पारडं फिरतं. तबला केरव्याच्या लग्ग्यांवर येतो. आता बाई मुखडा धरून थांबतात आणि तबला उधळतो. तिहाई येते, समेवर दोघं पुन्हा भेटतात, लय मूळ जागी येते. कुणी कुणाला कधी जागा द्यायची, याचा हा लिखित नसलेला करार आहे. जॅझमध्ये चांगला ड्रमर नेमकं हेच करतो. ज्याला लग्गी कधी सुरू करायची हे कळतं, त्याला ट्रम्पेटवाल्याचा श्वास कधी संपतो हेही कळतं.

आता जॅझची बाजू. जॅझ म्हणजे आपला काही संबंध नाही, असं मराठी माणूस समजतो. त्याच्या कानाला विचारलं तर वेगळं उत्तर येईल. ताजमहाल हॉटेलात 1935 मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णी अमेरिकन वाद्यवृंद वाजवून गेला. त्या संगीतावर गोव्यातून मुंबईला आलेली वादकांची एक अख्खी पिढी तयार झाली. त्यातलाच चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. सी. रामचंद्र म्हणजे आपले अण्णा चितळकर यांच्या ‘अलबेला’त त्याचा ट्रम्पेट आणि त्याची माणसं पडद्यावरही दिसतात. ‘अलबेला’ 1951 चा. भगवानदादांच्या त्या नाचावर गिरणगाव डोललं, त्याच वर्षी त्रिलोक गुर्टू जन्मला. जॅझ तेव्हा आपल्या गल्लीत पोचला होता, फक्त त्याने नाव सांगितलं नव्हतं.

पण ठुमरी आणि जॅझ एका बैठकीत बसायचे तर एक खरीखुरी अडचण होती, आणि ती समजल्याशिवाय ‘उस्फ्रेट’ची किंमत कळत नाही. आपल्या गाण्याला तंबोरा लागतो. षड्ज एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. जॅझमध्ये पियानो असतो, आणि पियानोचा धर्मच स्वरसंघात बदलत राहण्याचा. दर दोन-चार मात्रांनी पायाखालची जमीन सरकते, आणि त्या सरकत्या जमिनीवर तोल सांभाळत सुरावट रचणं हीच तिथली कसोटी. तबलाही स्वरात मिळवलेला असतो. त्याच्या शाईमुळे त्याला नेमका सूर येतो. जमीन सरकली की तो सूर खड्यासारखा टोचतो. म्हणून सुरुवातीच्या बऱ्याच प्रयोगांत एकीकडे सतार, एकीकडे जॅझ, आळीपाळीने, असं पंक्तिभेदासारखं चित्र दिसतं. शेजारी बसले, पण पान एक नाही.

ही कोंडी जॅझच्या आतूनच सुटली. 1959 मध्ये ऑर्नेट कोलमन नावाच्या सॅक्सोफोनवाल्याने ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ ही तबकडी केली आणि पियानोच काढून टाकला. त्याच्या शेजारी उभा होता बावीस वर्षांचा डॉन चेरी. पुढच्या वर्षी डिसेंबरात कोलमनने ‘फ्री जॅझ’ केली: दोन चौकड्या, एक डाव्या कर्ण्यातून, एक उजव्या, आणि सुमारे सदतीस मिनिटांचं एकच सलग वादन. डावीकडे चेरी, उजवीकडे एरिक डॉल्फी. सॅक्सोफोन, बासरी आणि बास क्लॅरिनेट ही तिन्ही वाद्यं सारख्याच ताकदीने वाजवणारा हा डॉल्फी 1964 मध्ये ‘आउट टु लंच’ करून त्याच वर्षी छत्तिसाव्या वर्षी बर्लिनमध्ये गेला. या मंडळींना तेव्हा अनेकांनी वेड्यात काढलं. पण पियानो उठून गेल्यावर जी जागा मोकळी झाली, तिथे आता तंबोरा मावत होता.

चेरीला हे लवकर कळलं. ट्रम्पेटवर तो थांबला नाही. बासऱ्या, पेटी, पश्चिम आफ्रिकेतलं दोसोन्गोनी हे तंतुवाद्य, जे हाताला लागेल ते तो वाजवू लागला. गाणं शिकायला तो पंडित प्राणनाथांकडे बसला. प्राणनाथ किराण्याचे, किराणा म्हटलं की आपल्याला मिरज आठवते आणि अब्दुल करीम खाँ आठवतात. दिल्लीचे तबलावादक लतीफ अहमद खाँ यांच्याबरोबर चेरीने 1978 मध्ये पॅरिसला एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. म्हणजे ‘उस्फ्रेट’मध्ये तो येतो तेव्हा सहल म्हणून आलेला नसतो. अर्ध्या वाटेपर्यंत तो आधीच चालून आलेला असतो.

उरलेली अर्धी वाट त्रिलोक चालला. सत्तरच्या दशकात तो युरोपात गेला, तिथे चार्ली मारियानो, जॉन चिकाई, टेर्ये रिप्डाल आणि चेरी या जॅझवाल्यांबरोबर वाजवू लागला. जर्मनीतल्या ‘एम्ब्रियो’ या वाद्यवृंदाच्या 1977 च्या ‘अपो-कॅलिप्सो’ तबकडीवर तो आहे, आणि तिच्यावर आईचा आवाजही आहे. मायलेकांची ही जोडी ‘उस्फ्रेट’च्या अकरा वर्षं आधीची. मग 1984 च्या नोव्हेंबरात ‘ओरेगॉन’ या चौकडीतला तबला-सतार वाजवणारा कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत रस्त्यावरच्या अपघातात गेला. वॉलकॉट, चेरी आणि ब्राझीलचा नाना वास्कोन्सेलोस या तिघांची ‘कोडोना’ ही त्रयीही त्याच्याबरोबर संपली. ‘ओरेगॉन’मधल्या त्या जागेवर त्रिलोक बसला. तिथला राल्फ टाउनर पुढे ‘उस्फ्रेट’वर आला. या तबकडीच्या मागे असा एक गेलेला माणूसही आहे. ऐकताना त्याची आठवण असावी.

त्रिलोकची बैठक एकदा पाहिली की विसरत नाही. ड्रमवाल्याचं स्टूल त्याला नको. तो जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यावर असतो. तबला-डग्गा हाताशी, ड्रम आणि झांजा भोवती, पाय वेगळ्या कामाला. उंची तबल्याने ठरवली आहे. बाकीची वाद्यं तबल्याच्या उंचीला उतरून आली आहेत. ही फार बोलकी गोष्ट वाटते मला. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: तबला टेबलावर चढवतात आणि तबलजीला खुर्ची देतात. आणि शेजारी एक पाण्याची बादली असते. वाजती घंटा किंवा झांज तो त्या पाण्यात बुडवतो. पाण्यात गेलेल्या धातूला भोवतालचं पाणीही हलवावं लागतं, कंप मंदावतो आणि सूर खाली वाकतो. धातूतून मींड निघते. डग्ग्यावर तळहात घसरवून तबलजी जे करतो तेच इथे बादली करते.

आता तबकडीकडे. तिच्यात सहा रचना आहेत. त्यातल्या एकीचं नाव ‘शोभारॉक’. आईच्या नावाला ‘रॉक’ जोडण्याचा खट्याळपणा मुलालाच शोभतो. आमच्या मंडळात तिच्यावर सगळ्यात जास्त वाद झाले, म्हणून पहिलं टिपण तिच्यावर आहे. माझी एवढीच विनंती, की आधी फक्त शोभाताईंच्या मागे जा. भारदस्त, किंचित खरखरीत, खर्जात भरदार असा तो आवाज कुठेही घाई करत नाही. भोवती विजेची वाद्यं असोत, लय कितीही तुटक असो, त्यांचा न्यास आणि त्यांची श्रुती आपल्या घरचीच आहे. 1987 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. पुढच्या वर्षी ही तबकडी आली तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. मिळवायचं ते मिळवून झालेली गायिका या वयात डॉन चेरीच्या ट्रम्पेटसमोर बसते, आणि आपल्या गाण्याला मुरड घालत नाही. बिनीवर कोण आहे असं मला कुणी विचारलं, तर मी मुलाच्या आधी तिच्याकडे बोट दाखवीन.

दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा लय धरा. आमच्या जुईनगर स्थानकात ठाण्याकडून येणारा ट्रान्स-हार्बर मार्ग आणि सीएसएमटीकडून येणारा हार्बर मार्ग एकत्र येतात. संध्याकाळी फलाटावर उभं राहिलं की कधी कधी दोन गाड्या एकाच वेळी येताना-जाताना ऐकू येतात. दोन्हींची रुळांवरची टकटक वेगळी. काही क्षण ती जुळते, मग सुटते, मग पुन्हा जुळते. एकीकडे लक्ष दिलं की दुसरी गोंधळ वाटते. दोन्ही एकत्र ऐकता आल्या की मजा. त्रिलोक दोन हात, दोन पाय आणि तोंडाचे बोल यांनी हेच करतो, फक्त सम त्याच्या हिशेबात असते. 1959 च्या ‘टेक फाइव्ह’ या जॅझ रचनेतल्या पाच मात्रांचं अमेरिकेला कोण कौतुक वाटलं! रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा ज्याच्या कानावर लहानपणापासून आहेत, त्या मराठी श्रोत्याला त्रिलोकच्या हिशेबाची भीती वाटायचं कारण नाही. टाळी कुठे पडते ते शोधा, पुढचं आपोआप उलगडतं.

तिसऱ्यांदा शांतता ऐका. चेरी थोडंच वाजवतो. मुक्त जॅझ म्हणजे गोंगाट, असा समज घेऊन आलेल्याला तो हळूच खोटा पाडतो.

तबकडी निर्दोष आहे असं कुणी म्हणू नये. काही ठिकाणी कीबोर्डचा नाद अगदी ऐंशीच्या दशकातला आहे आणि आता तो जुन्या जाहिरातीसारखा वाटतो. आमच्यातल्या एकीचा आक्षेप याहून गंभीर आहे: आईचा आवाज इतका मोठा, मग तिला इतकीच जागा का? तिचं टिपण तिसरं आहे आणि मी त्यातला एकही शब्द बदलू दिला नाही. मला तिचं पटतंही आणि पटत नाहीही. ठुमरीत तबलजीला लग्गीपुरती जागा मिळते, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. इथे तबलजीची मैफल आहे आणि आई साथीला बसली आहे. आयुष्यभर मुलाने जे केलं ते एकदा तिने केलं. करार तोच, जागा बदलल्या.

पुढचं सगळं जगाला माहीत आहे. 1989 च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या त्रयीत त्रिलोकने वाजवलं आणि ती मैफल तबकडी होऊन गाजली. नव्वदच्या दशकात ‘डाउन बीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्याला सर्वोत्तम तालवादक म्हणून एकाहून अधिक वेळा निवडलं. लंडनमधल्या टॅल्विन सिंग, नितीन सोहनी यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या संगीतकारांनी ‘उस्फ्रेट’चं ऋण मानलं. डॉन चेरी 1995 मध्ये गेला. शोभाताईंना 2002 मध्ये पद्मभूषण मिळालं आणि 27 सप्टेंबर 2004 रोजी त्या गेल्या. मराठी वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांत ठुमरी, दादरा, कजरी, होरी आणि चित्रपटगीतं सगळं आलं असणार. या तबकडीचा उल्लेख मी तरी कुठे वाचल्याचं आठवत नाही.

ती उणीव भरून काढण्याइतकी ही पुस्तिका मोठी नाही. लिहिणाऱ्यांत एक शाळेतली शिक्षिका आहे, एक रेल्वेत आहे, दोघं संगणकावर काम करतात, एकजण तबल्याची तिसरी परीक्षा देऊन थांबला आणि आता पुन्हा सुरू करायचं म्हणतो. त्यांची मतं एकमेकांशी जुळत नाहीत; संपादन करताना ती जुळवण्याचा मोह टाळला आहे. आधी तबकडी ऐका, मग वाचा, मग भांडा.

शेजारच्या आजी आता दुसऱ्या शनिवारी न बोलावता येतात. त्यांना चेरीचं नाव लक्षात राहत नाही, त्या त्याला ‘तो पिपाणीवाला’ म्हणतात. परवा म्हणाल्या, “तो पिपाणीवाला बाईंचं संपेपर्यंत थांबतो. शहाणा आहे.” ज्या माणसाने संगीतातले सगळे नियम मोडल्याचं पुस्तकांतून वाचायला मिळतं, त्याने मैफलीतला पहिला नियम पाळलेला आजींनी बरोबर ऐकला. या पुस्तिकेत तेवढं तरी आलं असावं, अशी आशा आहे.

जुईनगर, नवी मुंबई